पडद्यावरचा पक्षी

अख्ख्या जर्मनीत कोल्ह्याला "हनुवटी जरा वर घ्या" असं सांगणारा माणूस एकच झाला असेल, आणि तो माझा व्याही आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. जे आहे ते सांगतो. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, जन्मभर ट्रक चालवला, गोडगोड बोलायला मला येत नाही. पण देशभरच्या ढाब्यांवर जेवलो, नाना तऱ्हेची माणसं पाहिली, आणि त्यांत असला नमुना मला दुसरा भेटला नाही. भेटला असता तर पुढच्या वळणावर गाडी वळवून पळालो असतो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. बार्शीला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत गावातल्या यच्चयावत माणसांना स्टुलावर बसवून "मान सरळ, हनुवटी वर, डोळे मिटू नका, रेडी!" एवढंच सांगितलं. त्या स्टुलाच्या मागं भिंतभर एक रंगवलेला पडदा होता. हिरवंगार गवत, नजर पोचेल तिथवर, वर निळं आभाळ, आणि आभाळात एक पक्षी. तो पक्षी कावळा होता, घार होती की पेंटरचा ब्रश निसटला होता, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पण बार्शीतली निम्मी लग्नं त्या पक्ष्याच्या साक्षीनं जमली.

आमची ही गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुलानं मला तीन महिन्यांच्या व्हिसावर बर्लिनला नेलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचो आणि खाली सायकली मोजल्यासारखं करायचो. बोलायचो नाही. सुनेनं शक्कल लढवली आणि तिच्या वडिलांनाही बोलावून घेतलं. "अहो बाबा, अप्पांना सोबत होईल हो तुमची," असं मला म्हणाली. त्यांना काय सांगितलं असेल ते मला समजतं. व्याही विमानतळावरून आले ते गळ्यात कॅमेरा, वरच्या खिशात कंगवा, आणि मला बघितल्याबरोबर पहिलं वाक्य, "व्याहीबुवा, तुमचा डावा खांदा पडलाय." माणसाची बायको जाऊन सहा महिने झाले की खांदा पडणारच. पण हा गृहस्थ खरोखर माझा खांदा धरून वर करायला लागला.

मुलाच्या घरापासून उबाननं, म्हणजे भुयारी गाडीनं, दोन स्टेशनं गेलं की एक जुना विमानतळ आहे. विमानं कधीचीच बंद झाली. आता तिथं नुसतं गवत. शहराच्या पोटात असा माळ मी कुठं बघितला नव्हता. धावपट्टीवर पोरं चाकांचे बूट घालून पळतात, कोणी पतंग उडवतं, कोणी शेगडीवर मांस भाजतं, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं गुडघाभर गवत वाऱ्यानं पाण्यासारखं हलत असतं. व्याह्यांना तिथं पहिल्यांदा नेलं तेव्हा ते फाटकातच थांबले. मागून सायकलवाले घंटा वाजवायला लागले. मी म्हटलं, "अहो, बाजूला व्हा, इथं सायकलीच्या वाटेत उभं राहिलं की शिव्या पडतात." तर हे डोळे फाडून म्हणाले, "व्याहीबुवा, हा तर माझा पडदा!"

त्या दिवसापासून आमची सुटका नव्हती. सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत व्याही बूट घालून दारात. माळावर पाय पडला की हा माणूस विशीतला व्हायचा. "ते बघा! ते बघा!" असं ओरडत ससाण्यामागं पळायचा, तिथून मेंढ्यांकडं, मेंढ्यांवरून ढगांकडं. एकदा गवतातून कोल्हा डोकावला, तर त्यालाही हे म्हणाले, "हनुवटी जरा वर घ्या." इथल्या कावळ्यांच्या अंगात राखी बंडी असते. त्यांना बघून तर त्यांनी टाळीच वाजवली. "बघा, कावळासुद्धा फोटोसाठी कपडे करून आलाय." जाळीपलीकडं एक मेंढी होती, तिच्या डोळ्यांवर लोकर आली होती. व्याह्यांनी खिशातून कंगवा काढला आणि जाळीतून हात घालून तिचा भांग पाडला. मेंढपाळ बाई लांबून बघत होती. मी तोंड फिरवून उभा राहिलो, जणू माझी आणि ह्यांची ओळखच नाही.

माणसांचे फोटो तर आणखी अवघड. इथं कोणाचा फोटो न विचारता काढला तर लोक पोलीस बोलवायला कमी करत नाहीत. एक म्हातारी जर्मन बाई रोज बाकावर बसून विणकाम करायची. व्याही तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, खाणाखुणा केल्या. "नाइन! नाइन!" बाई सुई उगारून म्हणाली, म्हणजे नाही, नाही. व्याही शांत. तिला मराठीत म्हणाले, "असू द्या बाई, तयारी नसली की असंच होतं. उद्या या." दुसऱ्या दिवशी बाई ओठाला लाली लावून आणि नवा रुमाल बांधून बाकावर हजर. हनुवटी वर घे म्हटल्यावर घेतली. क्लिक झालं, आणि व्याही सवयीनं म्हणाले, "परवा संध्याकाळी घेऊन जा." ती "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवत राहिली. काय कळलं असेल देव जाणे. पण परवा संध्याकाळी ती आली, आणि व्याह्यांनी दुकानातून छापून आणलेला फोटो पाकिटात घालून तिच्या हातात दिला.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे एका गोष्टीचा एकच फोटो. कॅमेरा जावयानं दिलेला, आत रोल नाही, हवे तितके काढा. पण व्याही एकदाच बटण दाबणार. मुलगा समजावून थकला, "अप्पा, यात हजारो फोटो मावतात." व्याही म्हणायचे, "मावतात ते मावू देत. बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तसंच बसता येतं का?"

एकदा दुपारी गवताच्या कडेला आम्ही डबा खात होतो. थालीपीठ होतं. व्याह्यांनी चष्मा काढला, उजव्या डोळ्यापुढं हात धरला, काढला, पुन्हा धरला. म्हणाले, "काचबिंदू. उजवा चाललाय. डॉक्टर म्हणाला, पुढल्या उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. पोरीला सांगू नका, ती उगीच रडत बसेल." फोटोवाल्याचा उजवा डोळा म्हणजे ड्रायव्हरचा ब्रेक. मी म्हटलं, "डावा आहे ना?" मी असाच बोलतो. ते हसले. म्हणाले, "डाव्याला सवय नाही हो. उजवा आहे तोवर एकच पाहिजे. पडद्यावरचा पक्षी."

पक्षी म्हणजे चंडोल. त्या माळावर चंडोल जमिनीवर घरटी करतात. म्हणून गवताच्या मधल्या भागाला दोर बांधून पाट्या लावल्यात, आत पाऊल टाकायचं नाही. चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातीच्या रंगाचा, गवतात बसला तर दिसायचा नाही. पण मनात आलं की सरळ वर उठतो, जॅकनं उचलल्यासारखा, आणि गात गात इतका वर जातो की नुसता ठिपका राहतो. व्याह्यांना तो उठतानाचा हवा होता. खाली गवत, वर आभाळ, मध्ये पंख पसरून, चोच उघडून गाणारा. त्यांच्या पडद्यासारखा, पण खरा.

आणि तो मिळत नव्हता, कारण व्याह्यांचं तोंड. आम्ही दोराच्या अलीकडं पालथे पडायचो, दोन म्हातारे, कोपरांना खडे टोचतायत, मुंग्या चढतायत. चंडोल समोर उंचवट्यावर यायचा. व्याही कॅमेरा डोळ्याला लावायचे, श्वास धरायचे, आणि बटण दाबायच्या आधी चाळीस वर्षांची सवय बोलायची, "रेडी!" चंडोल फुर्र. एकदा झालं, दहादा झालं. मी म्हटलं, "अहो, त्याला कशाला विचारता? तो काय लग्न जमवायला फोटो काढतोय?" ते कळवळून म्हणायचे, "न सांगता कसा काढायचा हो? डोळे मिटले त्यानं तर?"

शेवटी व्हिसाचा आठवडा राहिला. त्या सकाळी मी त्यांच्या तोंडात अख्खी सुपारी दिली. म्हटलं, "दाढेत धरा. थुंकायची नाही, चावायची नाही, बोलायचं तर नाहीच." ते गाल फुगवून पडून राहिले. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. मला पालथं पडवेना म्हणून मी त्यांच्या पुढं थोडा बाजूला उभा राहिलो.

इथं एक सांगायचं राहिलं. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही बार्शीला गेलो तेव्हा आमच्या हिनं तो पडदा पाहिला होता. तिचं लहानपण माळावर शेरडांमागं गेलेलं. पडद्यासमोर उभी राहून मला म्हणाली, "इथं आपला दोघांचा एक काढून घेऊ." नेमकी वीज गेली होती. गाडीची वेळ झाली तरी आली नाही. "राहू द्या, पुढल्या खेपेला," म्हणाली. पुढली खेप झाली नाही. व्याह्यांच्या ते मनात होतं. "विहीणबाईंचा फोटो राहिला," असं ते मधूनच म्हणायचे, आणि मी विषय बदलायचो.

तर मी उभा होतो. आणि माझ्यापासून दहा हातांवर चंडोल उठला. एवढ्या जवळून! पंखांची थरथर दिसत होती, गळ्याची पिसं हलताना दिसत होती, आणि आवाज तर असा की एवढ्याशा जीवात एवढा आवाज राहतो कुठं! व्याही चूप. कॅमेरा स्थिर. सगळं जमून आलं होतं. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, माझाच हात वर गेला आणि मी भसाड्या आवाजात ओरडलो, "अगं, बघ! बघ की गं!"

चंडोल तिरका झाला आणि लांब निघून गेला. मागं क्लिक ऐकू आलं.

मी वळून बघायची हिंमत करीना. त्या माणसाचा डोळा, त्याचा एकुलता एक फोटो, आणि मी गाढवानं त्यावर ट्रक घातला. म्हटलं, "व्याहीबुवा, शिव्या द्या." त्यांनी सुपारी काढून रुमालात ठेवली. कॅमेऱ्याची मागची काच बराच वेळ बघितली, मग माझ्यासमोर धरली. पक्षी नव्हता. गवत होतं, आभाळ होतं, आणि एका बाजूला मी. हात वर, तोंड उघडं, आणि मान डावीकडं वळवून कोणाला तरी दाखवतोय असा. डावीकडं बाईमाणसाच्या उंचीइतकी जागा रिकामी. फोटोत बाई नेहमी डावीकडं उभी करतात, हे व्याह्यांनीच मला शिकवलेलं.

"वाया घालवला तुमचा," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं जोड्यांचे फोटो काढले, व्याहीबुवा," ते म्हणाले. "जोडीचा फोटो मला लगेच ओळखू येतो."

मग ते पुन्हा पालथे पडले. आठवडाभर पडले. चंडोल काही मिळाला नाही.

यंदा मी एकटाच आलोय. व्याह्यांचा उजवा डोळा गेला. पोरीला कळलं, ती रडली, ते म्हणाले तसंच झालं. रविवारी मी माळावर जातो आणि बार्शीला व्हिडिओ कॉल लावून फोन गवतासमोर धरतो. बाकावरची बाई हात करते, "फोटो?" असं विचारते, मी फोन दाखवतो, तर व्याही तिकडून तिला हनुवटी वर घ्यायला सांगतात. परवा चंडोल उंचवट्यावर आला. मी श्वास धरला. फोनमधून बार्शीचा आवाज आला, "रेडी!"

चंडोल उठला.

"गेला का हो?"

"गेला. तुमच्या तोंडामुळं."

"लांब गेला की वर?"

"वर. गातोय."

"मग फोन ठेवू नका. तसाच वर धरा."

मी उजवा हात वर करून उभा राहिलो. खांदा दुखला तरी खाली घेतला नाही. डावीकडची जागा तेवढी सोडून उभा होतो.