चार नंबरचा शेरा

मोजणीसरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एका झाडावर बसलो होतो. फांदीवर नव्हे, अख्ख्या झाडावर. डोंगर चढताना दम छातीत मावेना आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला, म्हणून दिसेल त्या हिरवळीवर मी बैठक मारली. शेजारी गवतात एक किडकिडीत गृहस्थ ओणवे होऊन काहीतरी शोधत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पावणं, जरा उठा की. एकवीस नंबरवर बसलायसा."

मी उठलो. माझ्या नव्वद किलोंखालून वीतभर उंचीचं हिरड्याचं रोप निघालं. त्याच्या बुंध्याला तारेचं सैल कडं, कड्यात ॲल्युमिनियमची चिमुकली पट्टी आणि पट्टीवर ठोकलेला आकडा, २१. सरांनी रोपाची दोन पानं बोटानं सरळ केली, खिशातून वही काढली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'कंपनीचे पाहुणे बसले.' आयुष्यात माझी एवढी नेमकी नोंद दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

आमची कंपनी हिरड्याची पूड करते. ती चामडं कमवायला जाते, थोडी औषधांना. हिरडा भुदरगडच्या वरच्या डोंगरातून येतो. तिथल्या वाडीवरची माणसं तो गोळा करतात आणि वर्षानुवर्षं एकूण एक फळ वेचलं गेल्यामुळे झाडांखाली नवं रोप उगवेनासं झालं होतं. जुनी झाडं आमच्या संचालकांसारखीच थकत चालली होती, मागे कुणी तयार नव्हतं. माल कमी यायला लागला तेव्हा कंपनीला जंगलाची काळजी वाटली आणि विद्यापीठाशी तीन वर्षांचा करार झाला. जीप आणि खर्च आमचा, वनस्पतिशास्त्राचे सर त्यांचे. प्रश्न एकच होता. दर चौथ्या झाडाची फळं न तोडता सोडली, तर त्याखाली पुरेशी रोपं येतात का? येतात असं ठरलं, तर कंपनी यापुढे चौथं झाड सोडणाऱ्यांकडूनच आणि चांगल्या भावानं हिरडा घेणार होती. या सगळ्याचा समन्वयक मी. समन्वयक म्हणजे दोन्हीकडच्या चहाची सोय बघणारा माणूस.

'मोजणीसर' हे नाव वाडीनं दिलं. सर पहिल्यांदा दोरी आणि टेप घेऊन वाडीत शिरले, तेव्हा लोकांना वाटलं, जमिनीच्या मोजणीचे साहेब आले. बांधावरून भांडण असलेल्या दोन चुलत भावांनी त्यांना आपापल्या घरी नेऊन वेगवेगळा चहा पाजला. सरांनी दोन्हीकडचा चहा शांतपणे संपवला आणि मग सांगितलं की आपण फक्त रोपं मोजतो. त्या दोघांची निराशा मी नंतर गेलो तेव्हाही ओसरली नव्हती. त्या वर्षी त्या भावांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे हा माणूस बिनकामाचा आहे.

सरांनी डोंगरात तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद असे सहा प्लॉट दोरी लावून आखले. तीन प्लॉटांवरची सगळी फळं नेहमीसारखी तोडायची, तीन प्लॉटांवर चौथं झाड सोडायचं. उगवलेल्या प्रत्येक रोपाला नंबर. नंबरांच्या त्या पट्ट्या सर हुपरीहून आणत. तिथं त्यांच्या भावाचा चांदीचा कारखाना होता, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत चार माणसं पैंजणं घडवायची. त्यांच्याच ठशांनी सर पट्ट्यांवर आकडे ठोकून घेत. वाडीतल्या तानूबाई, ज्यांच्या शब्दावर तिथल्या बायका हिरडा वेचायला निघत, त्या सरांची फार चेष्टा करायच्या. "आमच्या सुनंच्या पायात न्हाई, आन् तुमच्या रोपास्नी मातर पैंजण," असं म्हणायच्या. पण चौथं झाड सोडायला वाडी तयार झाली ती तानूबाईंमुळेच. दोन हंगाम त्या बायकांनी डोळ्यांसमोर लगडलेलं झाड तसंच सोडून दिलं, ते फक्त सर म्हणाले म्हणून.

सर वर्गात पुस्तकासारखं मराठी बोलत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. डोंगर चढायला लागले की हुपरीचं बोलणं आपोआप बाहेर यायचं. दिवाळी झाली की मोजणी. एखादं रोप दिसलं नाही की सर तिथंच बसकण मारत. का नाही, ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. खूर उमटलाय का बघायचे, माती उकरून मूळ बघायचे, गुराख्याला गाठून विचारायचे. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, 'गव्याचा पाय', 'वाळवी', 'पाण्याने उपटले'. एका वाळक्या काडीसाठी तासभर गेला की मी सुस्कारे टाकायचो. एकदा म्हटलंच, "सर, लिहून टाका ना गव्यानं खाल्लं. गवा काय तक्रार करणार आहे?" सर दमलेल्या आवाजात म्हणाले, "बघितल्यालं बघणाऱ्यानं सांगायचं, केल्यालं करणाऱ्यानं. मी नुसता लिवणार. कुणीच न्हाई सांगितलं तर शेऱ्याचं घर मोकळं ठेवणार."

त्यांचा दुसरा नेम जेवणाचा. सर जैन, दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं. डोंगरात असलो तर पाच वाजता खडकावर डबा उघडायचा. परतीच्या वाटेवर बिद्रीच्या साखर कारखान्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो तर जीपमध्येच, मांडीवर रुमाल पसरून. एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडे कांदा-लसूण चटणीशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही. पण बायकोनं दोन्हींतलं काही न घालता मुगाची उसळ केली आणि साडेपाचला पानं वाढली. सरांनी जेवता जेवता तिच्या कढीपत्त्याला कुंडी लहान पडतेय, हे खिडकीतून बघून सांगितलं. ते गेल्यावर ती म्हणाली, तुमच्या ओळखीत एक तरी नीट बघणारा माणूस आहे म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी, शेवटच्या मोजणीच्या आठवडाभर आधी, आमचे संचालक प्रकल्प बघायला निघाले. चार नंबरच्या प्लॉटापर्यंत आता कच्चा रस्ता झाला होता, म्हणून गाडी तिथंच थांबणार होती. चौथं झाड सोडलेल्या प्लॉटांमध्ये तो सगळ्यात चांगला. सदतीस रोपं, माझं एकवीस नंबरही त्यांतलंच. पण पावसानंतर गवत कमरेएवढं वाढलेलं आणि दोरीसुद्धा दिसेना. साहेब काय म्हणतील, या विचारानं मला झोप लागेना. भेटीच्या दिवशी पहाटेच मी कारखान्याच्या बागेतले दोन माळी आणि गवत कापायचं मशीन जीपमध्ये घालून वर गेलो. रोपं सांभाळा असं मी त्यांना सांगितलं होतं, असं मी स्वतःला सांगतो. नक्की आठवत नाही. त्यांना कामाला लावून मी तानूबाईंच्या पडवीत चहा प्यायला बसलो. वरून मशीनची घरघर ऐकू येत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

परत गेलो तर प्लॉट सरकारी बंगल्याच्या हिरवळीसारखा झालेला. थोरल्या माळ्यानं माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. "साहेब, ह्या पट्ट्या निघाल्या. एक बी हरवली न्हाई." पिशवीत सदतीस नंबर होते. त्याच्या प्रामाणिकपणाचं मी कौतुक करायला लागलो आणि अर्ध्या वाक्यात लक्षात आलं, पट्ट्या निघाल्या म्हणजे रोपं गेली.

संचालक आले, सर आले. संचालकांना स्वच्छता पसंत पडली, दोरीपाशी उभं राहून फोटो झाला. फोटोत सर डावीकडून दुसरे आहेत, खाली बघताहेत. गाड्या गेल्यावर मी पिशवी पुढे केली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवी घेतली, गुडघ्यावर बसले आणि जुन्या नकाशावर बघून एकेका खुंटापाशी त्याचा त्याचा नंबर ठेवायला लागले. मी मदतीला वाकलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुम्हाला कंचं कंचं ते कळायचं न्हाई." दिवस कलला. पाच वाजले, सहा वाजले. डबा खडकावर तसाच होता. बिद्रीपर्यंत अंधार पडला आणि त्या दिवशी सर उपाशी घरी गेले.

विद्यापीठाच्या समितीचं म्हणणं सरळ होतं. चार नंबर गाळायचा असेल तर कारण पाहिजे, आणि ते कंपनीनं लेखी द्यायला पाहिजे. नाहीतर नकोसे आकडे संशोधकानंच लपवले, असं कुणीही म्हणेल. सर मला म्हणाले, "दोन ओळी लिवून द्या की. काय झालं तेवढंच." मी म्हणालो, बघतो. मग म्हणालो, साहेब गावाला गेलेत. मग म्हणालो, पुढच्या आठवड्यात नक्की. भेटीची व्यवस्था उत्तम झाली म्हणून मला कंपनीचं कौतुकाचं पत्र आलं होतं, आणि त्याच कंपनीला आपण काय कापलं हे कळवायचं धाडस माझ्यात नव्हतं. शेवटच्या वेळी सर ऑफिसात आले तेव्हा तर मीच त्यांना सुचवलं, की गेल्या वर्षी सदतीस होतीच, तेवढीच लिहून टाका, कोण बघतंय.

सर खुर्चीतून उठले. "लिवतो की," ते म्हणाले. "पर मग बाकीचं पाच प्लॉट बी खोटं बोलायला लागतील." आणि चहा न घेता गेले.

पत्र मी दिलं नाही. चार नंबर शून्य धरला गेला आणि त्या शून्यानं बाकीच्या दोन प्लॉटांचं सगळं चांगलं ओढून खाली नेलं. अहवालात आलं, चौथं झाड सोडल्याने ठोस फरक दिसत नाही. करार संपला. कंपनी पूर्वीसारखी मिळेल तो हिरडा घ्यायला लागली. सर त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले.

त्यानंतरही ते दर दिवाळीनंतर एसटीनं डोंगरात जात, हे मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी, ऊन असतानाच, ते घरी आले. मुलीकडे बेंगळुरूला कायमचे निघाले होते. बायकोनं घाईघाईनं पानं वाढली. जेवण झाल्यावर सरांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. "चार नंबरात अकरा फुटल्यात. मुळं जित्ती हुती. माझं गुडघं आता ऐकत न्हाईत. दिवाळी झाली की तुम्ही जावा."

"मी, सर?"

"रानात आपण दोघंबी पावणंच. पर तुम्हाला वाट म्हाईत हाय."

पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. काढतील म्हणून मी त्यांना रिक्षात बसवेपर्यंत घाबरून होतो.

त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या. एकदा ऑडिट होतं, एकदा पाठ धरली होती, दोन वेळा तर कारणही आठवत नाही. वही कपाटात राहिली. यंदा विद्यापीठातल्या नव्या मॅडमचा फोन आला. सर गेले, बेंगळुरूलाच. जाण्याआधी त्यांनी मॅडमना माझं नाव सांगितलं होतं, वही माझ्याकडे आहे म्हणून. हिरड्याचं काम त्यांना परत उभं करायचं होतं. त्यांनी विचारलं की चार नंबरचं त्या वर्षी नेमकं काय झालं, वहीत काही शेरा आहे का? मी म्हणालो, बघून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो. वरचा कच्चा रस्ता पावसानं केव्हाच खचला होता, म्हणून पायी चढलो. वाटेत चार वेळा बसलो, आणि दर वेळी आधी खाली बघून. वाडीवर तानूबाई आता फार थकल्या आहेत, पण आवाज तोच. बाकीच्या घरांनी केव्हाच सगळ्या झाडांची फळं तोडायला सुरुवात केली, पण त्यांच्या वाट्याचं चौथं झाड अजून तसंच लगडलेलं होतं. मी का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "सरांनी सोडा म्हणून सांगितलंतं. तोडा म्हणून अजून कुणी सांगितलं न्हाई." सर गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग चार नंबरची वाट मोकळी करायला विळा घेऊन स्वतः पुढे झाल्या. मी त्या विळ्यावर नजर ठेवून मागोमाग चाललो, पण त्यांनी एकाही रोपाला धक्का लावला नाही.

अकरापैकी नऊ होती. माझ्या छातीएवढी. एकवीस नंबर त्यांत नव्हता. खडकावर बसून मी सरांची वही पहिल्यांदा उघडली. तिसऱ्या वर्षाचं पान. सदतीस नंबर एकाखाली एक, प्रत्येकापुढे 'नाही', आणि शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा. 'कंपनीचे पाहुणे बसले' असं लिहिणाऱ्या माणसानं तिथं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा ऊन होतं. चहा न पिता बायकोला सगळं सांगितलं. माळी, मशीन, पिशवी, न दिलेलं पत्र. वीस वर्षांच्या संसारात इतकं सलग मी क्वचितच बोललो असेन. तिनं वही ओढून घेतली आणि शेऱ्याच्या मोकळ्या रकान्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, आता उद्या मॅडमना फोन करून काय सांगावं, हाच प्रश्न आहे.

"पेन टीव्हीखालच्या खणात हाय," ती म्हणाली. "चालतंय का बघा आधी."