कॅन्सर मारणारी पावडर आणि म्हात्र्यांचं रक्त

“मॅडम, ती पावडर दुधातून दिली तर चालेल ना?”

स्टोअर सांभाळणारे म्हात्रे लॅबच्या दारात उभे होते. मला वाटलं, प्रयोगाच्या उंदरांचं विचारतायत. म्हटलं, “कोणाला द्यायचीय?”

“धाकट्या भावाला. ब्लड कॅन्सर आहे त्याला. काल हॉस्पिटलला इंजेक्शनसाठी बोलावलेलं, आम्ही गेलोच नाय. आपलंच औषध निघालंय म्हटल्यावर ती इंजेक्शनं कशाला? पार पिचून गेलाय तो.”

“अहो, ते अजून औषध नाही, काही देऊ नका,” म्हटलं, पण त्यांना पटेना.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. डोंबिवली एमआयडीसीत आमची छोटी रिसर्च लॅब होती. आमच्या एका नव्या कंपाउंडने, म्हणजे त्या पावडरीतल्या रसायनाने, लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या ब्लड कॅन्सरच्या पेशी पटापट मारल्या होत्या. आमचे बॉस देवधर सर एवढे हुरळले, की वॉचमनपासून सगळ्यांना पेढे वाटले. पेढे हातात पडल्यावर माणसं काय समजणार?

प्रकार साधा होता. आपल्या पेशींमध्ये कॅस्पेज नावाची एन्झाइम्स असतात, म्हणजे ठरावीक काम उरकणारी प्रथिनं. यांचं काम कापाकापीचं. टोपण घालून ठेवलेली कात्री समजा. पेशी बिघडली की टोपण निघतं, कात्री चालते आणि पेशी शेजाऱ्यांना त्रास न देता स्वतःला संपवते. पोटातल्या बाळाची बोटं सुटी होतात तीसुद्धा मधल्या पेशी अशाच मरून. कॅन्सरची पेशी मात्र मरायचा हुकूम धुडकावते. आमचं कंपाउंड ते टोपण बाहेरून काढत होतं.

पण कात्री निरोगी पेशीतही असते. तिथलंही टोपण निघतं का, हे अजून कोणी तपासलंच नव्हतं. ती टेस्ट सरांनी पुढे ढकललेली.

मी तशी फटकळच. तडक केबिनमध्ये गेले.

“सर, म्हात्र्यांनी भावाची ट्रीटमेंट थांबवलीय. आपल्या पेढ्यांमुळे.”

“अरे बापरे! मग सांगा ना त्यांना, अजून वेळ लागेल म्हणून.”

“सांगून झालं. त्यांना वाटतंय, आपण मोठ्या कंपनीला विकायला दडवून ठेवलंय.”

“मग आता?”

“कंट्रोल आजच लावते. निरोगी माणसाचं रक्त हवंय.”

म्हात्रे माझ्या मागोमाग आलेच होते. त्यांनी तिथेच बाही वर केली. “माझं घ्या. पण काय होतं ते मला डोळ्यांनी दाखवायचं. तोंडी नको.”

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी लावलेला नमुना. जवळच्या एका डॉक्टरांनी येऊन रक्त काढलं. मी त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या. अर्ध्यांत पावडर घातली, अर्ध्या तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हींत निळा रंग टाकला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेली घेते.

म्हात्र्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. पहिली स्लाइड लावली.

“काचेच्या मण्यांसारखं चकचकतंय.”

“जिवंत आहेत. यात काही घातलेलं नाही.”

दुसरी लावली. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

“इथे सगळं निळंच दिसतंय. या कॅन्सरवाल्या ना?”

“नाही. याही तुमच्याच. फक्त पावडर घातलीय.”

म्हात्रे उठून उभे राहिले. “आयला मॅडम, मी दुधातून देणार होतो हो,” म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. मलाही रडू आलं. मागे उभ्या सरांचा तर असा राग आला, की मी तोंडावर बोलले, “आता वाटा पेढे.”

सर म्हणाले, “म्हात्रे, चूक माझी. चला, मी गाडी काढतो.”

माजिवड्याच्या घरून भावाला घेऊन दोघं हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांनी तिघांनाही फैलावर घेतलं आणि इंजेक्शन सुरू केलं. पुढे बरेच महिने ते चाललं. भाऊ वाचला. या आजारात सगळेच वाचत नाहीत.

आमच्या कंपाउंडवरचं काम बंद झालं. म्हात्र्यांनी एकदा विचारलंच, “त्या इंजेक्शनांनी चांगल्या पेशी मरत नव्हत्या काय?”

मरत होत्या. पण किती मरतात, किती दिवसांत भरून येतात आणि माणूस कुठवर सोसतो, हे त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. आम्हाला फक्त मारता येत होतं.