मी वगळलेला आकडा

सीमाभागातल्या आमच्या गावात वडील कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायची. पत्रकात 'परंतु' येता कामा नये, असं ते म्हणायचे. एकच गोष्ट, आणि ती ठासून.

बेंगळुरूला क्रीडाविज्ञान शिकायला आले ती हे सगळं डोक्यात घेऊनच. संख्याशास्त्राच्या विषयासाठी छोटा प्रकल्प करायचा होता. वर्गातल्यांनी जिममधली मुलं गाठली. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली आणि शहराबाहेरच्या आनेकलची बस धरली. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांच्या हाताची पकड मोजायची होती. निष्कर्ष मला आधीच ठाऊक होता: मशीनवर जितकी वर्षं जास्त, तितका हात कमजोर. आकडे तेवढे गोळा करायचे राहिले होते.

शिफ्ट सुटली की मी चहाच्या टपरीमागे बसायचे. प्रत्येकीने पकड मोजायच्या यंत्राची मूठ तीनदा आवळायची, सगळ्यात मोठा आकडा मी वहीत लिहायचा. त्यांच्यात सगळ्यात जुनी एक अक्का होती, तिकडच्याच जुन्या मराठी घरातली. तिने मूठ आवळली आणि काटा असा धावला की मी यंत्रच तपासलं.

"अक्का, खाता तरी काय?"

"खात नाही गं, पिळते. दोन म्हशी हैत घरी."

"नवऱ्याला विचार तिच्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

अक्का मात्र हसली नाही. जरा जवळ सरकून म्हणाली, "सुपरवायझर म्हणतोय, वय झालं तुझं, मशीन सोड, धागे कापायला बस. तिथं पगार कमी. तू हे कागदावर नीट लिही पोरी. त्याच्या तोंडावर धरते."

"सरी, अक्का, नीट लिहिते," मी म्हणाले.

राजाजीनगरच्या खोलीवर सरासरी काढली, तर जुन्या बायकांची पकड जवळजवळ नव्यांइतकीच येत होती. एकट्या अक्काने ती वर ओढली होती. मनात आधीच लिहून झालेलं माझं पत्रक एक बाई खोटं पाडत होती. मी तिच्या नोंदीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'यंत्राचा दोष'. संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

मग पत्रक निघालं, मराठीत आणि कन्नडमध्ये. 'जुन्या कामगार स्त्रियांच्या हातातलं बळ कारखान्याने शोषून घेतलं आहे!' खाली आलेख, प्रत्येक बाईचा एक ठिपका. कारखान्याच्या दारात मी ते स्वतः वाटलं. बायका आपापला ठिपका शोधत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. अक्काने बोटाने सगळे ठिपके मोजले, पुन्हा मोजले.

"माझा कुठाय?"

"जागा पुरली नाही, अक्का."

एका ठिपक्याला जागा पुरली नाही! तिने मान हलवली आणि कागद पिशवीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा बायकांनी सांगितलं, तिला धागे कापायच्या टेबलावर बसवलंय. सुपरवायझरने माझंच पत्रक तिच्यापुढे धरलं होतं: तुमचीच माणसं लिहितात, जुन्या बायकांच्या हातात बळ नाही.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं झालं. त्यांनी मला प्रत्येक आकड्याची चिठ्ठी करायला लावली. जुन्या बायकांच्या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने टेबलावर मांडल्या, अक्काचीही, आणि बरोबर मधली उचलायला सांगितली. हा मध्यक. अक्काला धरून तो जेमतेम हलत होता. जुन्यांची पकड नव्यांपेक्षा कमीच होती. म्हणजे माझं म्हणणं तिला धरूनही उभं राहत होतं. पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट मी घाईत विसरले होते आणि त्यापायी एका बाईला खोडलं होतं.

नवा कागद केला. अक्काची पकड सगळ्यांत जास्त, हे स्वच्छ लिहिलं. तो घेऊन सुपरवायझरला दारात गाठलं. त्याने माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"मॅडम, दोन्ही तुमचेच. ह्यातला खरा कुठला?"

पहिल्यात मी लबाडी केली, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, तर बाकीच्या बायकांचं दुखणंही तो खोटं ठरवेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर त्याच्यासमोर मला मान खाली घालायची नव्हती. तो कागद परत देऊन आत गेला.

शिफ्ट सुटल्यावर अक्का बसस्टॉपवर भेटली. मी सगळं सांगितलं, रेघ मारल्याचंही. ती रस्त्याकडे बघत ऐकत होती.

"मग खरा कुठला, ते सांगितलंस त्याला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. बस आली होती. पायरीवर चढताना तिने मागे वळून पाहिलं. "म्हणजे मशीन गेलंच की माझं."