दातात धरलेली काठी

पनवेलजवळच्या कोन गावात दादू कोळ्याच्या गॅरेजात गाडी घातली, की आधी गप्प बसायचं असतं. दादू बॉनेट उघडतो, इंजिन चालू करायला लावतो, डोळे मिटतो आणि मान तिरकी करतो. तेवढ्यात कुणी तोंड उघडलं, तर तो अशा नजरेनं बघतो की बोलणाऱ्याला आपण भर लग्नात मंगलाष्टकं थांबवल्यासारखं वाटावं. दादूचा कान म्हणजे पनवेलात नावाजलेलं प्रकरण आहे. लोक दुसऱ्याकडून गाडी दुरुस्त करून घेतात आणि दादूला नुसती ऐकवायला आणतात.

हा कान मूळचा दर्यावरचा. दादू उरणच्या खाडीकाठी वाढला. बाप काळूराम होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, आणि त्याच होडीचं इंजिन खोलता-जोडता पोरगा मिस्त्री झाला. पुढे मासळी आटली, हायवेवर गाड्या वाढल्या, तशी दादूनं कोनला शेड टाकली. बायको किशोरी मात्र अजून पनवेलच्या बाजारात मासळी विकते, आणि पापलेटचा भाव सांगावा तशा आवाजात घरात मीठ मागते. दादूला त्यात काही वावगं वाटत नसे. कोळ्याच्या घरात कुजबुजायला सवड कुणाला आहे? त्याची तक्रार होती ती नवीन पनवेलच्या गिऱ्हाइकांबद्दल. ही माणसं अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती.

असंच एक गिऱ्हाईक म्हणजे अरुंधती. आठवडाभर बँकेत मान मोडून काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी आपली लाल, दोन सीटची सेकंडहँड स्पोर्ट्स कार रेसच्या ट्रॅकवर पळवायची. ट्रॅकवर हौशी लोकांसाठी असे दिवस ठेवलेले असतात. तिथं मोकळेपणानं गाडी हाणता येते, आणि घरच्यांना फक्त "मैत्रिणींबरोबर जातेय" एवढं सांगितलं की भागतं.

त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. "दादा, मागच्या वेळी लांबलचक डाव्या वळणानंतर टिकटिक सुरू झाली. एक मेकॅनिक म्हणाला, खालचं बेअरिंग गेलंय, म्हणजे इंजिनच गेलं. तसं असेल तर मी गाडी विकून टाकणार. पण या रविवारी पुन्हा ट्रॅक आहे. तुम्ही 'काही नाही' म्हणालात तर जाईन."

दादूनं डोळे मिटले, मान तिरकी केली. इंजिन छान घुमत होतं. खालचा जाड आवाज, पंख्याची घरघर, बाकी काही नाही. त्यानं दुसरा कान लावला. तरीही काही नाही. "काय बी नाय" हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात किशोरी जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये शिरली, आणि गाडीजवळ येताच तिनं कपाळाला आठ्या घातल्या. किशोरीला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण बेसूर काही वाजलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतातच. दादूनं तिच्याकडे पाहिलं, मग अरुंधतीकडे पाहिलं. आवाज होता. दोघींना येत होता. त्याला येत नव्हता.

आता बोलायचं काय? "काय नाय" म्हटलं तर नाव राहील, पण खरंच बेअरिंग गेलेलं असलं तर ही पोरगी रविवारी भर वेगात फुटकं इंजिन घेऊन पळणार. "येत नाय" म्हटलं तर दादूचा कान संपला. मग उरलं काय? पाने-पकडी तर सगळ्यांकडेच असतात.

किशोरीनं डबा ठेवला आणि कोपऱ्यातली बांबूची काठी आणून त्याच्या हातात दिली. काळूरामची काठी ती. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर तिला हळदकुंकू लागायचं, मग वर्षभर ती कोपऱ्यात उभी असायची. दर्यात वाऱ्यापुढे कानाचं काही चालत नाही. तेव्हा म्हातारा तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचा आणि दुसरं दातात धरायचा.

"तुमचा बाबा कसा आयकायचा, तसं आयका," ती म्हणाली.

दादूनं एकदा घसा साफ केला. "ताई, खरं सांगतो. तुमचा आवाज मला कानानं येत नाय. दातानं येतो का बगतो."

अरुंधती हसली नाही. तिनं फक्त बाजूला सरकून जागा करून दिली.

त्यानं काठी आधी खाली, ऑइलच्या चेंबरजवळ टेकवली आणि दातात घट्ट धरली. घूं घूं, स्वच्छ. जरा सरकवली. तरीही स्वच्छ. मग वरच्या झाकणावर टेकवली, आणि टिक, टिक, टिक, थेट कवटीत वाजलं. दादूच्या डोळ्यांत पाणी आलं. काठी तोंडात असल्यामुळे ते कुणाला सांगता येईना, हे बरंच झालं.

"वरती हाय," काठी काढत तो म्हणाला. "टॅपेट, व्हॉल्व ढकलनारा. बेअरिंग नाय. ऑइल बगू."

इंजिन बंद करून, जरा थांबून ऑइल मोजायची पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेपाशी होतं. बाजारहाटाला चाललं असतं, ट्रॅकला नाही. "होडी कलली का टाकीतला डिझेल एका अंगाला जातो, आनि इंजिन हवा खातो. तुमच्या वळनावर ऑइलचं तेच झालं, टॅपेट कोरडा पडला नि वाजायला लागला."

त्यानं जुनं ऑइल काढून नवं बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरलं, प्रेशरचं मीटर लावून खात्री केली, आणि इंजिन चालू ठेवलं. हळूहळू टिकटिक विरली. दादूला ते काठीनं कळलं आणि दोघींच्या चेहऱ्यांवरून कळलं.

अरुंधती हॉर्न वाजवत गेल्यावर दोघं डबा उघडून बसली.

"तुला कदी कळलं?" दादूनं विचारलं.

"झाली की दोन-तीन वरसं."

"मग बोलली का नायस?"

"रोज बोलते की. जेवडी मोठ्यानं घरात बोलते ना, तेवडी बाजारात पन नाय बोलत."

दादूचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं हे सगळं तो कोळ्यांच्या खात्यावर टाकत आला होता. त्यानं तो परत डब्यात ठेवला. मग म्हणाला, "उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. येशील माज्यासंगं?"

या वेळी किशोरी ओरडायचं विसरली, आणि उत्तर साध्या, हळू आवाजात आलं. दादूला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय?"

"येते म्हनलं!" किशोरी बोलली, आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा चहावाला वळून बघायला लागला.