साहूजींच्या विमानात मी मराठीत बोललो

चहा आधी खाली ठेवा. नंतर अंगावर सांडला म्हणून मला बोलू नका. काही माणसं जमिनीवर माती खातात. मी ती आभाळात जाऊन खाल्ली, आणि तीही माझ्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नाचा प्रश्न असताना!

तर ऐका. आमचा जन्म गेला रायपुरात. वडील वर्ध्याहून नोकरीसाठी इकडे आले, मी इथल्याच विजेच्या खात्यात चिकटलो आणि इथेच रिटायर झालो. शंकर नगरात घर आहे. आता हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची एक फार मोठी सोय असते, तुमच्या लक्षात आलं आहे का? गुप्त भाषा! साडीच्या दुकानात बसायचं, दुकानदाराकडे बघून गोड हसायचं आणि बायकोला म्हणायचं, "ऊठ, हा लुटून राहिला." डॉक्टरसमोर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर बोलायचं आणि त्याला पत्ता नाही. मी तर यात अगदी पटाईत. गोड चेहरा आणि कडू मराठी, हा माझा हातखंडा.

आमची पूर्वा दातांची डॉक्टर. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. एके दिवशी जेवताना म्हणाली, "पापा, मुझे हिमांशु से शादी करनी है." हिमांशू साहू. मुलगा चांगला, हसरा, पायाला हात लावणारा. पण त्याच्या वडिलांची माहिती कळली आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. अभनपूरला राइस मिल, दूरवर शेती, आणि विमान!

मोठं नव्हे हो. तीन मित्रांनी मिळून घेतलेलं, चार माणसांचं. साहूजी तरुणपणी हौसेनं उडवायला शिकले होते, रीतसर लायसन्सवाले. तरी विमान ते विमानच. आमच्या घरी काय? एक स्कूटी, तीही पूर्वाची.

साहूजींच्या दोन-तीन भेटी झाल्या. मी काय बोललो? "जी. जी हां. बिल्कुल जी." बस. आता तुम्ही म्हणाल, जन्म हिंदीत गेला आणि बोलता येत नाही? येतं हो, वीजबिलावर भांडायला फर्डं येतं. पण पोरीचा विषय निघाला की माझी हिंदी एकदम गळाठून जाते. मनात असतं एक आणि तोंडातून निघतं "जी".

मग हिवाळ्यात एकदा साहूजींचा फोन आला. "भाईसाहब, इस इतवार खाना फार्म पर खाते हैं. भाभीजी को लेकर आइए. बच्चे नहीं, बस हम बड़े लोग. उड़ के चलेंगे."

उडून जेवायला! म्हणजे हो की नाही, ते याच जेवणात ठरणार, हे उघड होतं. पूर्वा घाबरीघुबरी झाली. "पापा, प्लीज़, वहाँ कुछ उल्टा-सीधा मत बोलना."

"मी तं बोलतच नाही!"

"वही तो प्रॉब्लम है," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी सकाळी धुकं होतं. मी स्वेटर, त्यावर कोट, मफलर आणि कानटोपी असा बंदोबस्त करून रायपूरच्या माना विमानतळावर पोचलो. धुकं विरल्यावर साहूजी आम्हाला विमानापाशी घेऊन गेले. बाप्पा! मी बायकोकडे वळलो. सुनंदा तिचं नाव.

"सुनंदा, हे विमान आहे का ऑटो? याच्याहून मोठा तं आपला दिवाण आहे."

"किती सुबक आहे नाही!" सुनंदा म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही बाई आयुष्यात कशाला सुबक म्हणाली नव्हती.

तेवढ्यात साहूजी शिडीवर चढले आणि पंखातल्या टाकीत एक पट्टी बुडवून पेट्रोल बघू लागले.

"पाह्य, पाह्य," मी म्हटलं, "काडी बुडवून पेट्रोल मोजून राहिला. काटा बंद दिसते याचा. आज आपण काही घरी जात नाही."

साहूजी शिडीवरून उतरले. "भाईसाहब, काँटा ठीक है. लेकिन उड़ने वाला आदमी काँटे के भरोसे नहीं रहता. आँख से देखना पड़ता है."

बघा! न विचारता उत्तर. मी मनात म्हटलं, माणूस मनकवडा आहे.

त्यांनी मला पुढे त्यांच्या शेजारी बसायला सांगितलं. मी हात जोडले. पुढे सगळी घड्याळं आणि खटके, माझा धक्का लागून काहीतरी चालू झालं तर? आम्ही दोघं मागे बसलो. साहूजींनी तिघांच्या कानांवर मोठाले हेडफोन चढवले, तोंडासमोर बोंडाएवढा माईक. इंजिनचा आवाज भयंकर असतो, त्यामुळे आत एकमेकांशी बोलायचं तर यातूनच. म्हणजे मी कुजबुजलो तरी ते थेट साहूजींच्या कानात. पण मला काय चिंता? मी मराठीत बोलणार होतो!

विमान धावलं, थरथरलं आणि उचललं गेलं. माझं पोट मात्र खालीच राहिलं.

"सुनंदा, दार पाह्य. कडी लागली ना? का धरून बसू?"

साहूजींनी हात मागे करून कडी ओढून दाखवली. "पक्की है."

"पाय गार पडले माये. एवढी थंडी."

साहूजींनी एक खटका ओढला आणि पायाशी गरम हवा आली. मी गहिवरलो. "सुनंदा, या माणसाले सिद्धी आहे काय?"

"देवमाणूस आहेत," सुनंदा साखर पेरत म्हणाली आणि तिनं मला एक सणसणीत चिमटा काढला. मला वाटलं, भीतीनं काढला.

आता धीर आला ना मला! खाली खारून नदी लखलखत होती, कापून झालेली धानाची शेतं दिसत होती, ऊन छान पडलं होतं. आणि माझं तोंड सुटलं. इतक्या भेटींत जे अडून बसलं होतं ते सगळं बाहेर येऊ लागलं.

"माणूस बरा आहे, पण पोट पाह्य त्याचं. विमान डावीकडं कललं ते त्याच्याचमुळं."

चिमटा.

"अवो, चिमटे काहून घेऊन राहिली? त्याले थोडीच समजते! अन् ऐक, आपण सांगितलं ना का पोरगी सैपाकात हुशार आहे म्हणून? तेच धरून ठेवायचं. तिले साधं वरण लावता येत नाही हे कळलं तं संपलं सगळं."

"अहो..."

"अन् तिचा राग! तो माझ्यावर गेला म्हणा. तेही नाही सांगायचं. अन् जेवण काय देतील माहीत आहे? सूप. मोठे लोक पहिले सूप पाजतात. एवढ्या थंडीत मले तं वांग्यात तुरीचे सोले घातलेली झणझणीत भाजी अन् ज्वारीची भाकर पाहिजे होती. पण कोण देते बापा इथं!"

साहूजींचे खांदे हलत होते. मी म्हटलं, हवा लागून राहिली असेल.

आणि तेवढ्यात खरीच हवा लागली. विमानानं असा गचका खाल्ला की माझं डोकं वर आपटलं. मग दुसरा. सुनंदाची शाल खाली पडली. मला वाटलं, आटोपलं! आणि आता काय सांगू, मी अक्षरशः रडकुंडीला आलो.

"सुनंदा, मेलो तं मेलो. पण पोरीले सांग का तिचं लग्न याच घरी होऊ दे. पोट्टा हिरा आहे. मले लई आवडते तो. मी कधी बोललो नाही, माह्या तोंडातून निघतच नाही. मले फक्त भेव वाटते. एवढ्या मोठ्या घरात माही पोरगी एकटी पडली तं? तिले कोणी हसलं तं? मी कोणाले सांगू?"

"भाभीजी, शाल उठा लीजिए, ठंड लगेगी," हेडफोनमधून साहूजींचा आवाज आला. "बस दो झटके और. फिर शांत."

आवाज जरा घोगरा होता. आणि खरंच, मग सगळं शांत झालं.

ओडिशाच्या हद्दीजवळ एक जुनी धावपट्टी आहे, तिथं उतरलो. लागूनच साहूजींचा फार्म. उतरल्या उतरल्या ते बाजूला जाऊन फोनवर छत्तीसगढीत काहीतरी बोलले, "हव, हव" करत हसले. आम्हाला त्यांनी कडुलिंबाशेजारी उन्हात बसवलं. साहूजींची पत्नी कमला दीदी आदल्या दिवशीच गाडीनं तिथं आली होती, फार मायाळू बाई, तिनं पाणी दिलं, सुनंदाचा हात धरून शेत दाखवायला नेलं. मी एकटा साहूजींसमोर. "जी. जी हां. बहुत अच्छी हवा है जी."

मग पानं वाढली. भात आला, लाल भाजी आली, तांदळाचा गरमागरम चीला, म्हणजे आपलं धिरडंच, आला. सूपबिप काही नाही! आणि मग साहूजी स्वतः एक पातेलं घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. वाफेतून ओळखीचा वास आला. वांगं आणि तुरीचे सोले.

"घ्या वो, घ्या," साहूजी म्हणाले, "वरतून तुम्हीच तं फर्माइश केली. सोले बांधावरच्याच शेंगांचे आहेत, आताच तोडल्या. भाकर मात्र जमली नाही, ज्वारी नव्हती घरात."

तुम्ही कधी चालू पंख्याची वीज गेलेली पाहिली आहे? तसा मी हळूहळू थांबलो.

"तुम्हाले... मराठी..."

"राजनांदगावले शिकायले होतो ना. एका मराठी काकूंच्या घरी राहत होतो, त्यांच्याच हातचं खाऊन मोठा झालो. मराठीत नाही बोललं तं त्या दुसरी पोळी देत नव्हत्या."

मला वाटलं, आत्ता उठावं आणि चालत रायपूरला जावं. ऑटो! पोट! वरण! सगळं मी त्यांच्या कानात ओतलं होतं. मी सुनंदाकडे पाहिलं. ती शांतपणे चीला खात होती.

"तुले माहीत होतं?"

"पोरीनं सांगतलं होतं मले."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही बोलले असते काय? वाकडं बोलले तेवढ्यापुरते चिमटे घेतले. इथं बी जी-जीच केलं असतं."

मी साहूजींपुढे हात जोडले. माफी मागायला एकाही भाषेतला शब्द सापडेना. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

"भाऊ, खरं सांगू काय? मी या लग्नाले नाही म्हणणार होतो. पोट्टी आम्हाले पसंत आहे. पण तुम्ही प्रत्येक भेटीत तोंड शिवून बसत होते. मले वाटलं, तुमच्या मनाविरुद्ध होऊन राहिलं. पोरीच्या बापाचं मन मोडून सून नाही आणायची मले. आज तिकडे वर तुमचं मन ऐकलं. तिले कोणी हसणार नाही. शब्द देतो. अन् वरणाचं म्हणाल तं आमचा हिमांशू लावते. चांगलं लावते."

मी रडलो. हो, रडलो, आता तुमच्यापासून काय लपवायचं! रडता रडता वांगं-सोले तीनदा घेतले. आमच्या आईच्या हातची असायची तशी नव्हती ती भाजी, तिखटही कमी होतं. पण एका माणसानं माझं ऐकून ती करवली होती. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही. मी त्याच्या विमानाला नावं ठेवत होतो आणि तो मला सांभाळून नेत होता.

परतताना मी तोंडाला कुलूप लावलं. थोड्या वेळानं हेडफोनमध्ये साहूजींचा आवाज, "बोला ना भाऊ. शिव्या नाहीत तं उडवण्यात मजा नाही येऊन राहिली."

साखरपुडा अभनपूरला झाला. साहूजींचे झाडून सगळे नातेवाईक, मिलमधली माणसं, आमच्या शंकर नगरातले शेजारी, दुकानदार, सगळे मांडवात. साहूजींनी माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाले, "मराठीतच बोला. मनातलं बोला."

पोरीनं डोळ्यांनी खुणावलं, बोलो पापा. मी उठलो. पण एकदा पोळलेला माणूस मी! म्हटलं, आधी खात्री करून घ्यावी.

"पहिले मले एक सांगा," मी म्हटलं, "इथं मराठी कोणाकोणाले समजते?"

सगळ्या मांडवानं हात वर केले.

एवढी वर्षं! एवढी वर्षं आमच्या रायपूरनं माझं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि एकानंही मला चोपलं नव्हतं.