साडूंच्या कॅमेऱ्यातला हात

माझ्या साडूंइतका डोक्यात जाणारा भला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. ते गंगाखेडला डॉक्टर आहेत. अंगाची उष्णता रंगांत दाखवणारा एक कॅमेरा त्यांनी घेतला आणि तेव्हापासून त्यांना साध्या डोळ्यांनी काही बघवत नाही. लग्नाच्या पंगतीत ते जिलबीवर कॅमेरा धरतात आणि "मधल्या थंड हायेत, कडंच्या घ्या," असं वाढप्यादेखत सांगतात. सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले की पायांचा फोटो काढूनच उठतात.

मी पालमचा, बैलांचा व्यापारी. शून्यातून धंदा उभा केला तो या उजव्या हातावर, कारण आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत; रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. एका गोऱ्ह्यानं दाव्याला हिसका दिला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पंजाची आग थांबेना. रुमाल नुसता टेकला तरी जीव जायचा. एक्स-रे चांगला आला म्हणून दोन डॉक्टरांनी दुखणं मनाचं ठरवलं. बाजारात तर माझ्या तोंडावर हसले, "सौदा अंगावर आला की याचा हात दुखायलाय!" ते हसणं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

शेवटी साडूंकडं गेलो. त्यांचे नियम सुरू झाले. चहा नाही, तंबाखू नाही, पंखा बंद, दोन्ही हात कशालाही न टेकवता पंधरा मिनिटं गप्प बसायचं.

"पाचात जमवा."

"न्हाई."

"बरं, धा."

"साडूभाऊ, हा बैल न्हाई. पंधरा म्हंजे पंधरा."

आयुष्यात पहिल्यांदा समोरचा जराही उतरला नाही. मग पडद्यावर डावा हात लाल-पिवळा आणि उजवा मनगटापासून निळा दिसला. मी उसळलो, "द्या लिहून, दुखणं खरं हाय म्हणून! बाजारात टांगतो!"

"दुखणं यात दिसत न्हाई. हा हात थंड पडलाय, एवढंच दिसतंय. नसांचा आजार असावा, असा इशारा हाय. बाकी तपासण्या करू, व्यायाम लावू."

"म्हंजे तुमचाबी इश्वास न्हाई!" मी असा ओरडलो की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

साडूंनी कॅमेरा खाली ठेवला. "इश्वास तुमी दारात आलात तवाच बसला. तुमच्यासारखा पै-पैला जपणारा माणूस नव्या कोऱ्या शर्टाची उजवी तेवढीच बाही उगं कापंल का?"

मी उजव्या खांद्याकडं बघितलं; कापड हाताला लागू नये म्हणून ती बाही मीच कात्रीनं कापली होती.

हात अजून पुरता बरा नाही. बाजारातल्यांवरचा राग तर तसूभरही कमी नाही. पण बोटांचा व्यायाम करताना वाटतं, इतके महिने मी तसल्या शर्टात गावभर फिरत होतो, घरात जेवत होतो. दुसऱ्या कुणालाच ते कसं दिसलं नाही?