बाबांच्या बत्तीची शेवटची जाळी

रेडिएशन मोजणारा काउंटर टिकटिकत होता, पण नुसता सवयीने. त्याच्या नळीपुढे मी बाजारातून आणलेली गॅसबत्तीची नवी कोरी जाळी, म्हणजे मँटल, धरली, काढली, पुन्हा धरली. आकडा काही हलेना. हिंदी मुलखातल्या आमच्या कॉलेजची बी.एस्सी.ची पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. ठेवणीतल्या आवाजात मी म्हणाले, "ये बैकग्राउंड रीडिंग है. नोट करो."

बॅकग्राउंड म्हणजे समोर काही न ठेवता येणारं रीडिंग. माती, भिंती, आकाश, सगळीकडून थोडं रेडिएशन येतच असतं. ते शेवटी वजा करायचं. पण वजा करायला आधी काही मोजलं तर जायला हवं!

प्रयोग मी साधाच आखला होता. रेडिएशनचे तीन मुख्य प्रकार. अल्फा कागदानेही अडतं. बीटाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लागतो. गॅमाला शिसं, तेही पुरतं अडवत नाही. एकेक आडोसा ठेवायचा आणि आकडा किती घटतो ते बघायचं. घोडं पेंड खात होतं ते सोर्सपाशी, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या वस्तूपाशी. विकतचा सोर्स म्हणजे परवानग्या आणि न संपणारा पत्रव्यवहार. जुन्या गॅसबत्तीच्या जाळीत मात्र थोरियम असायचं आणि ते तिन्ही प्रकार देतं. नव्या जाळ्यांत ते घालत नाहीत, हे फिजिक्सच्या प्राध्यापिकेला नळीपुढे उभं राहिल्यावर कळलं.

प्राचार्य म्हणाले, "मैडम, छोड़िए. रीडिंग बोर्ड पे लिख दीजिए, बच्चे ग्राफ बना लेंगे."

"सर, फिर वो प्रैक्टिकल नहीं, श्रुतलेख होगा."

"तो सोर्स लाइए. नहीं तो इस साल से ये प्रैक्टिकल बंद."

जुनी जाळी कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ती मागावी लागू नये म्हणूनच तर नवी विकत आणून बघितली होती.

राजेगावला आमचे बाबा लग्नाकार्यांना, जयंतीच्या मिरवणुकीला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. जनरेटर आले आणि धंदा बसला. बाबाही गेले. मागे उरली एक बत्ती आणि जाळ्यांचं एक पुडकं. दर जयंतीला माझा भाऊ, दादा, त्यातली एक जाळी बांधून अंगणात बत्ती पेटवतो. त्या पांढऱ्या उजेडात विहीर, चिंच, दाराची चौकट, सगळं घटकाभर पूर्वीसारखं दिसतं. फक्त पंप मारणारा माणूस वेगळा असतो. त्या उजेडासाठी माझा जीव वर्षभर तुटतो. यंदा पुडक्यात शेवटचीच जाळी होती.

जाळी एकदा पेटवली की धक्क्यानेही तिचा भुगा होतो आणि तो भुगा श्वासात जाणं वाईट. प्रयोगाला कोरीच हवी. मी नवी जाळी पर्समध्ये टाकून राजेगावची बस धरली.

दादाने नवी जाळी उलटीपालटी करून पाहिली. "आवळा देऊन कोहळा काढून राह्यली का तू?"

"जयंतीच्या आत परत देते, दादा. प्रयोगात ती झिजत नाही."

"अन् पुढच्या साली तुह्या कालेजातल्या पोराइले काय दाखवशीन?"

दादाने पुडक्यातली शेवटची जाळी काढली. मग पायांत चपला सरकवत म्हणाला, "चाल. मी सोबत येतो. तुह्या एकटीच्या हातात नाही देत मी."

लॅबमध्ये मी जाळी दोन चौकटींत ताणून पारदर्शक डब्यात बसवली, पुढे नळीपुरती खिडकी ठेवली. डब्यावर मोठ्या अक्षरांत हिंदीत सूचना चिकटवली: जाली को हाथ न लगाएँ. दादा स्टुलावर बसून ती वाचत होता. "हे तं बाबा म्हणत," तो म्हणाला.

खरंच की. लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी नळी जवळ नेली. काउंटर तडतडायला लागला. कागद ठेवला, आकडा थोडा घटला. पत्रा ठेवला, चांगलाच उतरला. शिशामागूनही थोडं येतच राहिलं. पोरं भराभर लिहून घेत होती. दादा मान कलती करून ऐकत होता.

"हे पुडक्यात बी असंच बोलत होतं?"

"हौ. बाबा होते तेव्हाही. आपल्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच."

"अन् बंद कधी होइन?"

"आपल्या नातवांच्या नातवांनाही ऐकू येईल."

प्रॅक्टिकल झाल्यावर मी चौकट सोडवायला घेतली. खरं सांगते, मला तो उजेड हवा होता. प्रयोग गेला खड्ड्यात, असंही क्षणभर वाटलं. दादानेच माझा हात धरला. "राहू दे. पेटवली तं एका राती संपन. इथं बोलत तं राहीन."

जयंतीला मी राजेगावला गेले ती मन घट्ट करून. अंगणात बाबांची बत्ती पुसूनपासून ठेवलेली होती आणि तिच्यात माझी ती बाजारातली जाळी बांधलेली होती. दादाने पंप मारला. जाळी आधी काळी पडली, मग एकदम पांढरी झाली. विहीर दिसली, चिंच दिसली, चौकट दिसली. माझ्या लॅबमध्ये नापास झालेली जाळी इथे पैकीच्या पैकी मार्क घेत होती. सामान निकामी आहे हे ठरवण्याआधी ते कोणत्या कामासाठी आणलंय ते बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकले.

बत्ती जरा हलत होती. नीट करावी म्हणून मी काचेपाशी हात नेला, तर मागून बाबांच्याच आवाजात दादा खेकसला, "जाळीले हात लावू नको!"